मिशी राखा, पण नीट राखा

पोराला मिसरूड फुटले की घरात सगळ्यांच्या लक्षात येते. आई गालात हसते. आजोबा म्हणतात, "पोरगा मोठा झाला बरं का!" पोरगा मात्र चोरून आरशात बघतो. वरच्या ओठावर बोट फिरवतो. मनात म्हणतो, "कधी वाढेल ही?"

मिशीचे वेड आपल्याकडे जुने आहे. आपल्या बोलण्यातही मिशी फार. जिंकलेला माणूस मिशीवर ताव देतो. पैज लावणारा म्हणतो, "हरलो तर मिशी उतरवीन." घरी चटणी-भाकर खाऊन बाहेर मिशीला तूप लावून फिरणाराही गावात एखादा असतोच.

मग या मिशीची नीट माहिती का करून घेऊ नये? ती कशी वाढते, कोणाला कोणती शोभते, ती कशी कातरावी, आणि तिच्यापायी कोणता रोग लागू शकतो, हे सारे या पाठात वाचू.

मिशी वाढते कशी?

केसाचे मूळ कातडीच्या आत असते. मूळ जिवंत असते. बाहेर दिसतो तो केस निर्जीव असतो. म्हणून तर केस कापला तरी दुखत नाही. उपटला की मात्र डोळ्यांत पाणी येते.

मिशीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. मिशी भरून दिसायला दीड-दोन महिने लागतात. घाई करून उपयोग नाही.

पुष्कळ लोक म्हणतात, "वस्तरा फिरवला की मिशी दाट येते." हे खरे नाही. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या विदुषीने हे तपासून पाहिले. दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस त्यांनी मोजले. वस्तऱ्यामुळे केस जाड झाले नाहीत, की लवकर वाढले नाहीत. मग आपल्याला तसे का वाटते? न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापलेल्या केसाचे टोक बोथट होते. गवत कापल्यावर खुंट पायाला टोचतात ना, तसेच हे. खुंट टोचतो, म्हणून तो जाड वाटतो.

कांदा चोळून, रॉकेल लावून किंवा जाहिरातीतले महाग तेल लावूनही मिशी दाट होत नाही. कोणाची मिशी दाट, कोणाची विरळ, हे बहुतेक आईबापाकडून आलेल्या वारशावर ठरते. कोणाला अठराव्या वर्षी भरघोस मिशी येते, कोणाला पंचविशी लागते, कोणाला कधीच दाट येत नाही. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मर्दपणा मिशीच्या केसांवर मोजत नसतात.

मिशीचे प्रकार

ओठावर भरून येते ती झुपकेदार मिशी. लोकमान्य टिळकांचे चित्र आठवा. तशी.

टोके पिळून वर वळवलेली ती अक्कडबाज मिशी. तिला तेल-मेण लागते आणि रोज वेळही द्यावा लागतो.

तलवारीच्या पात्यासारखी, टोकाकडे निमुळती होत जाणारी ती तलवारकट मिशी.

ओठाच्या वर बारीक रेघ ठेवली की ती कोरलेली मिशी. १९५१ साली 'आवारा' नावाचा सिनेमा आला. त्यातल्या राज कपूरला अशी मिशी होती. पुढे कितीतरी तरुणांनी तशी कोरून घेतली.

मिशी गालावरून नेऊन कल्ल्यांना भिडवली की झाल्या गलमिशा. आजोबा-पणजोबांच्या काळातली ही तऱ्हा मध्यंतरी मागे पडली होती. मग २०१९ साल उजाडले. २७ फेब्रुवारीला आपल्या हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले. १ मार्चला ते परत आले. त्यांच्या गालापर्यंत गेलेल्या मिशीचे चित्र घरोघर पोचले. लगेच तरुण पोरे न्हाव्याकडे जाऊन म्हणू लागली, "तशीच करा!"

मिशीचे कौतुक सरकारी खात्यातही झाले आहे. मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यात २००४ साली मिशी राखणाऱ्या पोलिसांना महिन्याला ३० रुपये भत्ता देऊ केला होता. आणि राजस्थानच्या रामसिंह चौहान यांची मिशी २०१० साली इटलीत मोजली, तेव्हा ती ४.२९ मीटर भरली. म्हणजे चौदा फूट! आपल्याला एवढी नको. जेवताना अडचण होईल.

आपल्याला कोणती शोभेल?

दुसऱ्याची टोपी आपल्या डोक्याला बसेलच असे नाही. मिशीचेही तसेच. आरशात आपला चेहरा नीट बघा.

चेहरा लांबट असेल तर आडवी, भरलेली मिशी चांगली दिसते. खाली लोंबणारी ठेवली तर चेहरा आणखी लांब वाटतो.

चेहरा गोल असेल तर टोके थोडी वर वळलेली मिशी बरी. फार रुंद ठेवली तर गाल फुगलेले दिसतात.

मिशी विरळ असेल तर ती बारीक कातरून ठेवावी. विरळ मिशी लांब वाढवली की तिच्यातली कातडी जास्तच दिसते.

काम कोणते करता, तेही बघा. चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. तिथे धुळीपासून वाचायला तोंडावर मास्क बांधतात. मास्कची कड गालाला घट्ट बसली पाहिजे. गलमिशा असतील तर ती बसत नाही. फटीतून धूळ आत जाते आणि छातीत बसते. अशा कामावर मास्कच्या आत मावेल एवढीच मिशी ठेवावी.

आणि मिशी नकोच वाटली तर? तर काढून टाका. गांधीजींना मिशी होती. बाबासाहेब आंबेडकरांना नव्हती. वीर बाबूराव शेडमाके इंग्रजांशी लढले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. आपण त्यांची आठवण काढतो ती त्यांच्या कामासाठी. माणूस मोठा होतो कामाने.

मिशी कशी कातरावी?

पहिला महिना-दीड महिना मिशीला कैची लावू नका. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते. साबणाच्या पाण्याने धुवावी, खोबरेल तेलाचे एक बोट लावावे. खाज कमी होते.

मग मिशी कातरायला घ्या. एक छोटी कैची, एक बारीक दातांची फणी आणि आरसा एवढे पुरे. उजेडात बसा.

पहिली गोष्ट, मिशी कोरडी असू द्या. ओला केस लांब दिसतो. ओली मिशी कापली तर वाळल्यावर ती आखूड होऊन बसते.

दुसरी गोष्ट, मिशी फणीने सरळ खाली विंचरा. ओठावर येणारे केस कैचीने कापा. नाकाखाली मधे सुरू करा आणि एकेका बाजूला जा. एकदम सगळी एक बाजू कापू नका. थोडी डावी, थोडी उजवी, आणि मधे मधे आरशात बघा. कमी कापले तर पुन्हा कापता येते. जास्त कापले तर महिनाभर वाट बघावी लागते!

तिसरी गोष्ट, मिशीच्या वरची आणि बाजूची कड वस्तऱ्याने साफ करा. आधी कोमट पाणी व साबण लावून केस मऊ करा. केसांच्या दिशेनेच पाते फिरवा. उलटे फिरवले की कातडी सोलते आणि केस आत वळून पुटकुळ्या येतात.

मिशी रोज धुवावी. आपल्याकडचा उन्हाळा कडक. तेंदूपानाच्या दिवसांत घाम नि धूळ मिशीत साचते. जेवल्यावरही पाण्याचा हात फिरवावा. अन्नाचे कण मिशीत राहिले की वास येतो.

मिशीची टोके पिळायची असतील तर तूप लावू नका. तूप खवट होते नि माश्या बसतात. आपल्या जंगलात मध आहे, मेण आहे. मोहळाचे मेण स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. दोन भाग मेण नि एक भाग खोबरेल तेल वाटीत घाला. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. थेट विस्तवावर ठेवू नका, मेण पेट घेते. वितळले की ढवळून डबीत ओता. थंड झाल्यावर नखाएवढे घ्या, बोटांत चोळा आणि मिशीच्या टोकांना पीळ द्या.

काळा कलप

मिशी पिकली की काही जणांना कलप लावावासा वाटतो. जपून. बाजारात 'काळी मेहंदी' म्हणून पुड्या मिळतात. खरी मेहंदी लाल-तांबूस रंग देते. ती काळी झाली म्हणजे तिच्यात बहुधा रसायन मिसळलेले असते. ते काही लोकांना सोसत नाही. ओठ सुजतो, तोंड सुजते, पाणी सुटते.

म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा. खाज आली, लाली आली, तर तो कलप तुमच्यासाठी नाही. आणि पांढरी मिशी काय वाईट दिसते?

पत्ती नवी हवी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

आठवडी बाजारात झाडाखाली दाढीची रांग लागते. पाणी तेच, ब्रश तोच, तुरटीचा खडा तोच. पत्तीही तीच असेल तर? आधीच्या माणसाच्या गालाला जरासे कापले. डोळ्याला न दिसणारे रक्त पत्तीवर राहिले. तीच पत्ती तुमच्या गालावर फिरली, आणि तिथेही जरासे कापले. त्याचे रक्त तुमच्या रक्तात गेले.

यातून 'हिपॅटायटिस बी' हा काविळीचा रोग लागू शकतो. त्याला 'ब कावीळ' म्हणतात. हा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा रोग. याचे विषाणू फार चिवट असतात. वाळलेल्या रक्तातही ते सात दिवस जिवंत राहू शकतात. माणूस वरून धडधाकट दिसतो आणि आतून यकृत पोखरले जाते. पुष्कळ वर्षांनी पोटात पाणी होते, कधी कॅन्सर होतो. 'हिपॅटायटिस सी' हा रोगही असाच रक्तातून पसरतो. एड्सचे विषाणू, म्हणजे एचआयव्ही, शरीराबाहेर फार टिकत नाहीत. त्यामुळे दाढीतून ते लागण्याचा धोका फार कमी असतो. तरीही पत्ती नवीच हवी.

अंत्यविधीच्या वेळी हा धोका वाढतो. घरात कोणी गेले की नदीवर भाऊबंदांची डोकी नि मिश्या उतरवतात. दहा-वीस माणसे आणि वस्तरा एक! दुःखाच्या वेळी कोण विचारणार? पण विचारलेच पाहिजे. जावळ काढतानाही तसेच. बाळाची कातडी तर लोण्यासारखी मऊ. माणशी एक पत्ती हवी. आधीच पाकीट विकत आणून ठेवावे.

समजा, बाजारात एक काका दाढीला बसले आहेत.

"काका, टेका मान मागं."

"थांब गा पोरा. पत्ती नवी लाव. माझ्या डोळ्यांपुढं फोड."

"काका, सकाळीच लावली आहे. अजून धार आहे तिला."

"धार असू दे. माझ्या आधी किती जणांची दाढी झाली तिनं? हे घे पत्तीचे पैसे वेगळे."

"पैशाचं नाही काका. बरं, हे बघा, नवी फोडली."

बस, एवढेच करायचे. एक पत्ती चहाच्या कपाहून स्वस्त पडते. भांडायचे कारण नाही, लाजायचेही नाही. पत्ती नवी लागली की ब्रशही धुवायला सांगा. सगळ्यांना लावलेला तुरटीचा खडा गालावर फिरवू देऊ नका. तुरटी भुकटी करून पाण्यात घालून लावावी. वस्तऱ्याची मूठ नि कैची वीस मिनिटे पाण्यात उकळावी. जुनी पत्ती उकिरड्यावर टाकू नये. पोरांच्या पायात नि गुरांच्या तोंडात जाते. टोपणाच्या डब्यात साठवावी.

नवी पत्ती न्हाव्याच्याही फायद्याची आहे. दिवसभर त्याच्याच बोटांना रक्त लागते. हा धंदा मानाचा आहे. संत सेना महाराज याच समाजातले. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" असे ज्याच्याबद्दल म्हणतात, तो जिवा महालाही याच समाजातला. मग आपल्या गावच्या न्हाव्याशीही मानाने बोलावे.

ब कावीळ होऊ नये म्हणून लस आहे. बाळाला ती जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत देतात, आणि पुढे दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी. बाळाची लस चुकवू नका. मोठ्या माणसालाही लस घेता येते. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा कावीळ नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू आहे. त्यात ठरलेल्या सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध फुकट मिळते. आपल्या आशाताईंना विचारा.

केसतोड आणि गजकर्ण

मिशीच्या मुळाशी पुटकुळी येऊन पू होतो. त्याला आपण केसतोड म्हणतो. वरच्या ओठावरचा आणि नाकाजवळचा केसतोड कधीही पिळू नका. इथल्या शिरा आत मेंदूकडच्या शिरांना मिळतात. पिळल्याने पू आत जाऊन क्वचित जिवावर बेतते. गरम पाण्याच्या फडक्याने शेकावे. ताप आला किंवा डोळा सुजला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गुरांच्या अंगावर गोल, खरबरीत चट्टे बघितले असतील. ते गजकर्ण. वासराला गोंजारणाऱ्या माणसाच्या दाढी-मिशीलाही ते लागते. केस गळतात, खाज सुटते. दुकानदाराने दिलेले कोणतेही मलम चोळू नका. काही मलमांत असे औषध मिसळलेले असते की चार दिवस बरे वाटते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरते. डॉक्टरला दाखवा. गुरालाही उपचार करा.

आणखी एक. मिशी कोरताना आरसा हातात असतोच. तेव्हा आ करून तोंडातही बघा. आपल्या भागात खर्रा फार. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर डॉक्टरकडे जा. मिशी शोभायची तर तिच्याखालचे तोंड आधी शाबूत पाहिजे.

मिशी आणि मान

एक काळ असा होता की गावातला दुबळा माणूस ताठ मिशी ठेवू शकत नसे. "आमच्यापुढे मिशीला पीळ देतोस?" असे म्हणून त्याला मारत. अस्पृश्य मानलेल्या लोकांची हजामत गावचा न्हावी करत नसे. तसा गावाचा नियमच होता. या अन्यायाविरुद्ध बाबासाहेब आंबेडकर आयुष्यभर लढले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते चांद्याला आले आणि त्यांनी इथल्या हजारो लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली.

तुम्ही म्हणाल, ते जुने झाले. पण २०१७ साली गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी झाल्या. तेव्हा देशभरच्या पोरांनी आपल्या फोनवर मिशीचे चित्र लावून उत्तर दिले.

याबाबत कायदा काय सांगतो?

आपल्या राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. जातीमुळे अस्पृश्य मानून कोणाची दाढी-कटिंग करायला नकार देणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९८९ साली अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखण्याचा कायदा झाला. २०१६ च्या जानेवारीपासून त्यात सुधारणा लागू झाली. तिच्यात मिशीचे नाव स्पष्ट लिहिले आहे. या समाजांबाहेरच्या कोणी दलित किंवा आदिवासी माणसाची मिशी जबरदस्तीने काढली, डोके भादरले किंवा तोंडाला काळे फासले, तर त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो.

असे कुठे घडले तर पोलीस ठाण्यात तक्रार लिहून द्यावी. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आता तुम्हाला वाचता येते. सही करण्याआधी कागद स्वतः वाचावा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो.

मिशी ठेवायची की नाही, कोणती ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याला पाटलाची, सावकाराची, कोणाचीच परवानगी लागत नाही. आणि आपल्या मिशीचा मान हवा असेल, तर शेजाऱ्याच्या मिशीलाही हसू नये.

लक्षात ठेवा

१. वस्तऱ्याने मिशी दाट होत नाही.
२. मिशी कोरडी असताना कातरावी. थोडी थोडी कातरावी.
३. दर माणसाला नवी पत्ती. ती डोळ्यांपुढे लावून घ्यावी.
४. ओठावरचा केसतोड पिळू नये.
५. कलप आधी कोपराला लावून बघावा.
६. कोणाची मिशी जबरदस्तीने उतरवणे हा गुन्हा आहे.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या गावच्या बाजारात दर माणसाला नवी पत्ती लावतात का? लावत नसतील तर काय करता येईल?
२. अंत्यविधीला आणि जावळाला नव्या पत्त्या कोणी आणाव्यात, हे गावाने कसे ठरवावे?
३. तुमच्या गावात पूर्वी कोणाला कशाची मनाई होती? म्हाताऱ्या माणसांना विचारून चार ओळी लिहून आणा.